भोपळाबाईला मागणी

माझी सून शाळेत गणित शिकवते. यंदा तिथे नवा नियम निघाला: वर्षभरात वर्गातल्या मुलांचे मार्क जितके वाढतील, तितकीच शिक्षकाची पगारवाढ. झालं! हुशार मुलांना कुणी विचारेना, आणि ढ पोरांवर सगळ्यांच्या उड्या. दरवर्षी गणितात भोपळा आणणारी एक मुलगी होती, तिला सगळी शाळा भोपळाबाईच म्हणायची. ती आपल्याच वर्गात हवी म्हणून तीन बाई आणि दोन सर स्टाफरूममध्ये असे भांडले, की कपबशा फुटल्या. सून म्हणते दोन, मी सहा सांगते. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि ती आमच्या सूनबाईंच्या वाट्याला आली.

सून वर्षभर तिच्यामागे हात धुऊन लागली. पोरगी फळ्यावर फडाफडा गणितं सोडवायला लागली. आणि वार्षिक परीक्षेत पेपर कोरा!

सुनेनं कपाळावर हात मारला. "अगं बये, तुला सगळं येत होतं ना? मग एक तरी गणित सोडवायचंस!"



"पण बाई, मला गणित आलं, तर पुढच्या वर्षी माझ्यासाठी कोण भांडणार?"