जपून चालणारा महाकाय

महाकाय नगरात शिरला, त्याने डरकाळी फोडली, आणि शेपटी हातात धरून, गल्लीच्या कडेकडेने, चवड्यांवर चालत तो दुसऱ्या टोकाला सुखरूप बाहेर पडला. एक कौल हललं नाही.

“कट!” दिग्दर्शक किंचाळला. “अरे, हा राक्षस आहे की उशिरा घरी आलेला नवरा?”

कॅमेऱ्यामागे ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. नगर त्यांनी बांधलं होतं. गुडघ्याएवढी दोनशे बारा घरं, आठ महिने खपून. आणि रबरी पोशाखात घामाने निथळत होता तो त्यांचा सख्खा नवरा. अकरा सिनेमांत ताईंनी राजवाडे, तुरुंग, अगदी चंद्रसुद्धा उभा केला होता. पडद्यावर मात्र त्या कायम ‘आणि इतर’मध्ये. यावेळी दिग्दर्शकाने शब्द दिला होता, की नगर झकास कोसळलं तर ताईंचं नाव एकटीचं, पडदाभर. म्हणून लाथ बसताच वीट न् वीट सुटी व्हावी, अशा बेताने प्रत्येक भिंत त्यांनी आतून कापून ठेवली होती.

“राक्षसाची मनःस्थिती समजून घे,” म्हणत दिग्दर्शक फळ्याकडे धावला. कथा समजावायला त्याला चार रंगांचे खडू लागत. महाकाय म्हणजे समुद्रातला प्राणी. पण खरा तो शापित राजा. पण तोही नव्हे, राजाचा जुळा भाऊ, जो काळाच्या भोकातून पडून स्वतःचाच पणतू झाला होता. नायिका ही त्याची गेल्या जन्मातली आई. सात रत्नांची भानगड आणखी वेगळीच. “म्हणजे या प्रसंगात मी मेलेली आहे, की जन्मायची आहे?” असं नायिकेने कालच विचारलं, तेव्हा दिग्दर्शकाने पाचवा खडू मागवला होता.

नगर शाबूत होतं, त्यामुळे प्रसंग पुन्हा घ्यायला हरकत नव्हती. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेतला. महाकाय दर वेळी अंग चोरून, एका उंबऱ्यालाही धक्का न लावता पार.

ताई तरातरा गेल्या आणि त्यांनी नवऱ्याचं मुंडकं उपटलं. म्हणजे रबराचं. “मुद्दाम करताय का हो? आता कुठे नाव व्हायची वेळ आली, तर त्याचंही वाटोळं करायचंय?”

“अगं, देवाशपथ नाही!” तो रडकुंडीला आला होता. “आठ महिने ही घरं आपल्या दोन खोल्यांत वाळत होती. मोरीत जायचं तरी यांच्यामधूनच. ‘पाय जपून, पाय जपून’ करून तू माझा जीव खाल्लास. आता लाथ घालायला जातो, तर पाय आपोआप वळतो. मी तरी काय करू?”

“काढा तो पोशाख,” ताई म्हणाल्या.

पोशाख त्यांना ढगळ झाला. पहिली लाथ नगरभवनाला बसली. त्याची नक्षी रंगवताना त्यांची मान आठवडाभर आखडली होती. दुसरी बसली शाळेला. खरं तर रडू यायला हवं होतं. आली ती मजा. मग त्यांनी मागेपुढे पाहिलंच नाही. शेपटीच्या एका फटकाऱ्यात आख्खी बाजारपेठ आडवी केली. भिंती अशा ढासळल्या, की दिवेवाल्यांनीही तोंडात बोट घातलं. तीन मिनिटांत नगराचा चुरा.

टाळ्यांचा कडकडाट झाला. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. “ताई, शब्द म्हणजे शब्द! तुमचं नाव एकटीचं, पडदाभर! वर ‘महाकायाच्या भूमिकेत’, आणि खाली तुम्ही!”

“आणि नगर?” मुंडक्यातून ताईंचा आवाज घुमला. “ते कोणी बांधलं, त्याचं नाव?”

“नगर?” दिग्दर्शकाने धुरळ्यातून इकडेतिकडे पाहिलं. “कुठलं नगर?”