बर्फाचा मुकादम

मोजकाठी घेऊन पुलाखालच्या पायऱ्या उतरताना वोब्बे थबकला. त्याची बायको चित्स्के होडीत बसली होती. ऐन जानेवारीत.

फ्रीसलंडच्या त्या गावात हिवाळ्यात कालव्यात होडी घालत नसत. पाणी हललं की बर्फ धरत नाही. बर्फ मोजून स्केटिंगला परवानगी देणारा मुकादम वोब्बेच, म्हणून नियम आधी त्याच्या घराला. होडी हिवाळाभर परसात पालथी असे. आज चित्स्केने ती एकटीनेच ओढत आणली होती.

"बाहेर ये. पाणी ढवळू नकोस."

"आधी तुझं काम कर. किती भरला बर्फ आज?"

वोब्बेने वाकून काठी पाण्यावर टेकवली. टेकायला काही नव्हतंच. गेल्या कित्येक हिवाळ्यांत नव्हतं. मग तो नेहमीचं सांगू लागला: तेव्हा सगळा गाव कसा बर्फावर असे, पुलाखाली वाटाण्याच्या सूपचं पातेलं कसं वाफाळत असे, आणि याच वळणावर एक लाल टोपीवाली पोरगी कशी त्याच्यावर येऊन आदळली होती.

"तिचीच वाट बघतोयस ना?" चित्स्के म्हणाली. "ती ही इथं बसलीय. तिचे गुडघे गारठलेत."

तिने दोर सोडला. वळणापलीकडे जाऊन येते म्हणाली, आणि आता रोजच जाणार. तो आला तर बरं, नाही आला तरी जाणार.

वल्हं हातात घेऊन ती थांबली.

"वोब्बे, इथं पाणी किती आहे रे?"

"म्हणजे?"

"बर्फ सोड. खाली पाणी किती?"

वोब्बेने काठीकडे पाहिलं, मग पाण्याकडे. काठाशी काठी उभी खाली सोडली. ती सगळी आत गेली. तो आणखी वाकला, एक पाय होडीत टाकला. होडी डुलली तशी चित्स्केने त्याचा कोट धरला. त्याची बाही कोपरापर्यंत भिजली.

"लागला तळ?"

"नाही." तो होडीत बसला. हात अजून पाण्यातच होता.

चित्स्केने वल्हं मारलं. लाट उठली आणि पार पलीकडच्या काठाला जाऊन लागली. वोब्बे त्या लाटेकडे बघत राहिला.

"जरा मधे घे," तो म्हणाला. "तिथं बघू."