अनुमान

सावळीरामला आम्लपित्ताचा त्रास, म्हणून डॉक्टरांनी त्याची मिसळ बंद केली होती. "भद्रकालीतल्या मिसळवाल्याकडे फिरकलोसुद्धा नाही," असं बायकोला ठणकावून सांगत त्याने शर्ट धुवायला टाकला. थोड्या वेळाने त्याची सातवीतली मुलगी विमल वही नाचवत आली.

"अण्णा, तुमच्या शर्टावरचा पिवळा डाग साबण लावताच लालभडक झाला! साबण आम्लारीधर्मी असतो ना, त्याने हळद लाल होते. बाईंनी दिलेला घरचा प्रयोग झाला माझा."

त्याने घाईघाईने वही उघडली. निरीक्षण : डाग लाल झाला. अनुमान : अण्णांनी मिसळ खाल्ली.

"अगं, हळू बोल! आधी ते अनुमान खोड."

"अनुमान नसलं की बाई मार्क कापतात."

"बरं, पालकांची सही तरी मी करतो."

"ती आईने केली मघाशीच. वाचून."