नाव ठाऊक नसलेला मासा

दोरीला असा हिसका बसला की ती अकीलाच्या बोटांत रुतली.

"सोडू नका वहिनी, हळूहळू घ्या," संदेश म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी दोरी ओढली. अस्करच्या किनाऱ्यावरच्या दगडांवर एक करडा, बुळबुळीत मासा येऊन आपटला. हातभर लांब. तोंडाशी मिशा, अंगावर एकही खवला नाही. अकीलाने आयुष्यात पकडलेला हा पहिला मासा. तिच्या नवऱ्याने, नुमानने, टाळ्या वाजवल्या. शेजारच्या सुनीताने हातातला चहाचा कप दगडावर ठेवला आणि धावत आली.

"कुठला गं हा?"

संदेशने, सुनीताच्या नवऱ्याने, मोबाइलवर फोटो काढला. कुठला मासा ते सांगणारं एक ॲप त्याच्याकडे होतं. पण तिथे नेट रडत होतं, गोल गोल फिरणारं चक्र थांबेना. "शार्कचं पिल्लू असणार," तो म्हणाला. नुमानने अकीलाकडे पाहिलं.

"तुमच्या रत्नागिरीत मिळत असेल ना असा?" सुनीताने विचारलं.

"काय माहीत," अकीला म्हणाली. "आमच्याकडे मासे कापून, साफ होऊनच यायचे. नोकर आणायचा."

नुमानने मान वळवली आणि तो समुद्राकडे बघत राहिला.

आठ महिन्यांपूर्वी लग्न होऊन अकीला या आखाती देशात, हूरा भागातल्या त्या इमारतीत आली, तेव्हा समोरचं दार सुनीताचं होतं. साताऱ्याकडची बाई. शिंप्याच्या दुकानात शिवायला बसायची. तिने अकीलाला बस दाखवली, भाजीवाला दाखवला, तिच्या खिडक्यांचे पडदे स्वतः शिवून दिले. दुसऱ्याच दिवशी तिने सहज विचारलं होतं, वडील काय करतात? आणि अकीला बोलून गेली, "अब्बांचा बोटींचा बिझनेस आहे." अब्बा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते. आई मिरकरवाड्याच्या बंदरावर माशांची पाटी घेऊन बसायची. शाळेत अकीलाच्या बाकावर कुणी बसत नसे, वास येतो म्हणून. नुमान दोनदा म्हणाला होता, सांगून टाक, त्यात काय. तिने सांगितलं नव्हतं.

"थांब, गळ काढते मी," सुनीता म्हणाली. "तडफडतोय बिचारा."

अकीलाला त्या माशाचं नाव ठाऊक होतं. शिंगाळा. त्याच्या पाठीवर एक काटा असतो आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक. करवतीसारखे, विषारी. आई सुरीच्या पाठीने आधी ते तीन काटे मोडायची आणि मगच मासा पाटीत टाकायची. दहा वर्षांची असल्यापासून अकीलाने असे शेकड्यांनी मोडले होते. तिने तोंड उघडलं. मग तिला वाटलं, सुनीताताई विचारेल, तुला कसं गं ठाऊक? आत्ताच तर म्हणालीस नोकर आणायचा.

तिने तोंड मिटलं.

सुनीताने माशाला मुठीत धरलं आणि ती किंचाळली. काटा उजव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला होता. क्षणात तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती दगडांवर बसली, मनगट दुसऱ्या हाताने आवळून. संदेश नुसताच "काय झालं, काय झालं" करत राहिला.

मग मात्र अकीला थांबली नाही. ओढणीने मासा दाबून तिने बाजूला केला. सुनीताच्या अंगठ्यात मोडून राहिलेला काटा धरून ज्या वाकाने घुसला होता त्याच वाकाने उपसून काढला. थर्मासमधलं गरम पाणी डब्यात ओतलं, त्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं आणि सुनीताचा हात त्यात धरून ठेवला.

"काढू नका. सोसेल तेवढं गरमच पाहिजे, त्यानेच विष उतरतं. भाऊ, तुम्ही गाडी काढा."

दवाखान्यापर्यंत तिने तो हात सोडला नाही. डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. गरम पाणी कुणाला सुचलं, असं विचारून ते म्हणाले, बरं केलंत. पण पंधरा दिवस या हाताने काही करायचं नाही. शिवण तर नाहीच.

संदेश आणि नुमान औषधं आणायला गेले. बाकावर दोघीच उरल्या. सुनीताच्या कपाळावर अजून घाम होता, पण कळ उतरू लागली होती.

"तुला हे सगळं कसं येतं गं?"

अकीलाने खाली बघत सांगितलं. सगळं सांगितलं. बोटी आमच्या नव्हत्या. नोकर नव्हता. आई मासे विकते, अजूनही विकते. मी तिच्या शेजारी बसून शिंगाळे साफ केलेत. बोलताना तिचे कान तापले होते. आता सुनीताताई उठून दुसऱ्या बाकावर जाईल, असं तिला खरोखरच वाटत होतं.

सुनीता उठली नाही. तिने डावा हात अकीलाच्या पाठीवर ठेवला.

"वेडी आहेस का? ह्यात लपवायचं काय होतं? माझी आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. तुझ्या आईने शिकवलं म्हणून आज माझा हात राहिला. फोन करशील तेव्हा सांग तिला."

अकीलाला रडू आलं. आठ महिन्यांचं ओझं असं एका वाक्यात उतरलं. तिने ओढणीने डोळे पुसले आणि ती हसलीसुद्धा.

सुनीताही हसली. मग तिची नजर मांडीवर ठेवलेल्या हाताच्या पट्टीवर गेली आणि तिथेच राहिली. पाठीवरचा हात हळूच बाजूला झाला.

"म्हणजे मी माशाला हात घातला," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा तुला ठाऊक होतं."