गिऱ्हाईकासमोरचा भाव

"चार गाठोडी," आत येता येता मुलगा म्हणाला. "वर वीस अस्तरं औषधांची."

ताई वडिलांच्या उशाशी बसली होती. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको कान टवकारून बसली होती, नर्स सलाइनची बाटली बदलत होती. चारचौघांत पैशांचं बोलायचं झालं की या भावंडांच्या तोंडात दुकानातली भाषा आपोआप यायची. लहानपणापासूनची सवय ती, सुटते थोडीच.

त्यांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक समोर उभं असताना कितीपर्यंत खाली यायचं ते आपसात ठरवता यावं, म्हणून वडिलांनी घरच्यांना ही भाषा शिकवली होती. शंभर म्हणजे बटण. हजार म्हणजे अस्तर, कारण आजोबा माल आणायला निघाले की नोटा कोटाच्या अस्तरात शिवून घेत आणि वाटेत कुणाचा नुसता धक्का लागला तरी त्यांना घाम फुटे. लाख म्हणजे गाठोडं. एवढे पैसे आले तर खिशात कुठले मावणार, असं वडीलच हसत सांगायचे. गिऱ्हाईक बिचारं समजायचं, हे शिवणकामाचं काहीतरी बोलतायत. गाठोडं हा शब्द मात्र वडिलांनी नुसता हौसेने करून ठेवला होता. दुकान होतं तोवर तो वापरायची वेळ कधी आली नाही. आज आली.

वडील डोळे अर्धवट मिटून पडले होते. आठवडाभर ते फारसं बोलत नव्हते, त्यामुळे त्यांना ऐकूही येत नसावं असं दोघांनी धरूनच टाकलं होतं. ऑपरेशन केलं तर वर्ष-दोन वर्षं मिळतील, नाही केलं तर फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी कालच दोघांना बाहेर बोलावून सांगितलं होतं. राहिला होता तो फक्त आकडा.

"तुझ्याकडे किती निघतील?" मुलाने विचारलं.

"तीस अस्तरं. अंगावरचं मोडलं तर आणखी साठ."

"माझी पन्नास. म्हणजे एक गाठोडं, चाळीस अस्तरं." दर आकड्याला त्याची नजर खाटेकडे जात होती. "बाकीची जवळजवळ तीन गाठोडी कुठून आणायची, ताई?"

दुकान विकलं त्याचे पैसे देणी फेडण्यातच गेले होते आणि आता कुणापुढे हात पसरावा असं माणूस उरलं नव्हतं. बापावर दोघांचाही जीव होता, त्यात काही खोट नव्हती. ताईने नकारार्थी मान हलवली.

"तूच सांग त्यांना," ती म्हणाली. "माझ्याने नाही होणार."

मुलाने स्टूल पुढे ओढलं आणि चेहऱ्यावर हसू आणलं. "बाबा," तो जरा मोठ्यानेच म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची काही गरज नाही. गोळ्यांवर भागेल. परवा घरी जायचं आपण."

वडिलांनी डोळे उघडले. "बरं झालं," ते म्हणाले. "घरी बरं वाटेल मला."

ताई उठून खिडकीशी गेली. वडिलांनी मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याला जवळ बोलावलं. आवाज खोल गेला होता, पण सूर तोच, दुकान बंद करताना दिवसभराच्या चुका दाखवायचे तेव्हाचा.

"एवढी वर्षं शिकवलं, पण एक गोष्ट तुला जमली नाही ती नाहीच," ते म्हणाले. "गिऱ्हाईकासमोर भाव बोलताना गिऱ्हाईकाकडे बघायचं नसतं."