बासरीच्या आधी

त्या जुन्या हिंदी गाण्यात मधल्या बासरीआधी वादकानं घेतलेला श्वास ऐकू यायचा. तेव्हा सगळे एकाच माइकवर वाजवायचे. तो जरा पुढेच सरकला होता. संगीतकार भडकला, पण गायिकेचा सूर असा लागला होता, की तोच टेक ठेवला. सिनेमा सपशेल आपटला. तबकडीवर बासरीवाल्याचं नावही नव्हतं. "गाणं तिचं, धाप तुमची!" त्याची बायको चिडवायची. नवरा गेल्यावर ती रोज तबकडी लावून तेवढ्या धापेसाठी कान टवकारायची. आज स्टुडिओत काम करणाऱ्या लेकानं हौसेनं स्पीकर आणला. "आई, बाबांचं गाणं लख्ख केलंय. खरखर, फुसफुस, सगळं काढलं." बासरी थेट सुरू झाली. तिनं विचारलं, "आणि तबकडी?" "धुताना तडकली. पण आता हे कायमचं राहील." "छान झालंय. पुन्हा लाव." मग बासरीआधी तिनंच श्वास घेतला. तो त्यांचा नव्हता.