अस्सल आयोडिन

श्यामकांत देवधरांकडे त्या चिमुकल्या आयोडिन कंपनीचे जेमतेम दहा शेअर. पण कलकत्त्याच्या वार्षिक सभेत तोरा असा, जणू कारखानाच यांचा!

"माल अस्सल कशावरून?" चहाबरोबर आलेला संदेश, म्हणजे निव्वळ छेन्याची (पनीरची) म्हणून वाढलेली बंगाली मिठाई, तोंडात कोंबत त्यांनी संचालक चॅटर्जीबाबूंना फैलावर घेतलं.

"अस्सल आयोडिनचा थेंब पडला की मैदा निळाशार होतो. पण इथे मैदा कुठून आणू?" चॅटर्जीबाबू म्हणाले.

पहिल्याच घासाला संशय आलेल्या देवधरवहिनींनी आपली बशी पुढे केली. "या संदेशावर टाका."

थेंब पडला आणि संदेश निळाशार झाला. माल अस्सल निघाल्याच्या आनंदात सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला.



श्यामकांतांना तेवढी टाळी वाजवता येईना. त्यांच्या दोन्ही हातांत संदेश होते.